ज्वालामुखींचे वेध आणि आमचीं दप्तरें

लातूरच्या उत्तरेस रेणा नदीच्या कांठीं वसलेलें रेणापूर हें रेणुकादेवीच्या स्थानामुळें या बाजूस सर्वांस ठाऊक असलेलें जुनें गांव आहे. येथें शिवारांत विहीर खणावयास घेतली म्हणजे आधीं काळी माती लागते, तिच्याखालीं मुरूम, मग काळा कातळ, आणि पुढें खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोंकाभोंकांचा, पांढऱ्या खड्यांनीं भरलेला दगड. मधून मधून तांबड्या मातीचा एखादा पातळ थरही निघतो. पाथरवटांस या दगडांचे गुणदोष पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. परंतु हा सारा दगड एके काळीं रसरूपानें वाहत आला, हें मात्र फार थोड्यांस माहीत असतें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी रेणापुराहून सुमारें पन्नास-साठ किलोमीटर दक्षिणेस. त्यानंतर या भागांत जो तो एकच प्रश्न विचारूं लागला : आपल्या पायांखालीं ज्वालामुखी तर जागा होत नाहीं ना? पुढें २०२२ च्या सप्टेंबरांत निलंगा तालुक्यांतील हासोरी येथें जमिनींतून गूढ आवाज येऊं लागले, तेव्हांही तोच प्रश्न आमच्या कानीं आला. प्रश्न अडाणीपणाचा आहे असें म्हणून तो उडवून लावणारे पुष्कळ भेटले. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. ज्याच्या घराची भिंत एकदां पडली आहे त्यानें जमिनीचा इतिहास विचारावा, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं.

इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत हा विषय कशाला, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, जागृत ज्वालामुखींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ज्या साधनांवर विसंबतात त्यांत यंत्रांच्या जोडीला जुना लेख हें एक साधन आहे. आणि यंत्र आज नसलें तर उद्यां आणून बसवितां येतें, तसें या साधनाचें नाहीं. तें ज्यांच्या हातीं आहे ते आमच्यासारखे बाडें व रुमाल सोडून बसणारे लोक.

प्रथम मूळ प्रश्नाचें उत्तर देऊं. दक्षिणेंतील हा काळा कातळ सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा आहे. तो एखाद्या शिखराच्या मुखांतून उसळला असें नसून भूपृष्ठास पडलेल्या लांबच लांब भेगांतून शिलारसाचे लोट एकावर एक पसरत गेले, असें मानितात. आज उरलेला विस्तारच सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भरतो. रेणापूरच्या विहिरींत जें दिसतें तें या लोटांचें उभें छेदचित्र होय. अखंड कातळ हा लोटाचा मधला भाग. मांजऱ्या हा त्याचा माथा, ज्यांतून निघतां निघतां वायूचे बुडबुडे थिजले व ज्यांच्या पोकळ्यांत मागाहून पांढरे खडे जमले. आणि तांबड्या मातीचा थर म्हणजे एक लोट थंड होऊन दुसरा येईपर्यंतचा काळ, ज्यांत ऊनपावसानें वरचा दगड कुजला. जुन्या कागदांत दोन मजकुरांमध्यें जागा कोरी सोडलेली असते, तसाच हा थर. सह्याद्रींत या लोटांची जाडी फार मोठी आहे. पूर्वेकडे ती कमी होत जाते. कोयनेजवळ छिद्र पाडिलें तेव्हां ९३३ मीटरांवर कातळ संपला. किल्लारीस तो ३३८ मीटरांवरच संपला.

ज्या उष्ण झोतामुळें हा प्रकार घडला तो पृथ्वीच्या पोटांत जवळपास जागच्या जागीं राहिला, आणि भारतभूमि त्याच्यावरून उत्तरेस सरकत गेली, असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. तो झोत आज हिंदी महासागरांतील रियुनियन बेटाखालीं असून तेथील पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी जगांतील अतिशय जागृत पर्वतांपैकीं एक आहे. मॉरिशस बेटही याच झोतानें कांहीं दशलक्ष वर्षांपूर्वीं घडविलें. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत कोंकणांतून जीं मराठी कुटुंबें मॉरिशसास गेलीं, त्यांनीं तेथील उंसाच्या मळ्यांतून जे काळे धोंडे वेंचून काढले त्यांचें आणि रेणापुराच्या कातळाचें मूळ एक आहे! तेव्हां आमचा ज्वालामुखी निवाला, तो येथें निवाला. त्याला शोधावयाचा तर रियुनियनास गेलें पाहिजे.

तेथें तो कसा अभ्यासितात हें पाहण्यासारखें आहे. १९७७ सालीं शिलारस नेहमींच्या कड्यांबाहेर येऊन पितों सेंत रोज या गांवांत शिरला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तेथें ज्वालामुखीची वेधशाळा उभी राहिली. पर्वताभोंवतीं भूकंपलेखक यंत्रें बसविलीं आहेत. शिलारस वर चढूं लागला म्हणजे तो वाटेंतील खडक फोडतो, त्याचे शेंकडों बारीक धक्के यंत्रांवर उमटतात. आणि तो वाहूं लागला म्हणजे धक्के तुटक न राहतां सलग कंप सुरू होतो. पोटांत शिलारस भरला कीं पर्वत फुगतो, परंतु हा फुगवटा कांहीं वेळां अंगठ्याच्या नखाएवढाही नसतो. तो मापण्यासाठीं कलमापक यंत्रें आणि कृत्रिम उपग्रहांचे वेध लागतात. तिसरें साधन वायु. शिलारस जसजसा वर येतो तसतसा त्याच्यावरील दाब कमी होऊन त्यांतील वायु सुटतात; गंधकाचा वायु दिवसाला किती टन निघतो व त्याचें इतर वायूंशीं प्रमाण काय, यावरून रस किती खोल आहे याचा अंदाज बांधितात. २००७ सालीं याच पर्वताच्या मुखाचा तळ सुमारें तीनशें मीटर खचला, तोही या यंत्रांच्या देखत.

फिलिपाइन्समधील पिनातुबो पर्वताची हकीकत याहून बोधक आहे. त्याचा मागील स्फोट सुमारें पांचशें वर्षांपूर्वींचा. त्याची लेखी नोंद कोठेंच नव्हती, आणि पायथ्याशीं राहणाऱ्या लोकांसही तो एखाद्या साध्या डोंगरासारखाच वाटे. १९९१ च्या एप्रिलांत तेथें वाफेचे स्फोट झाले. शास्त्रज्ञांनीं घाईनें यंत्रें नेऊन बसविलीं, व जुन्या राखेचे थर खणून मागील स्फोट केवढे मोठे होते व त्यांचा मारा कोठवर पोंचला होता याचा नकाशा केला. गंधकाचा वायु मेच्या मध्यास दिवसाला सुमारें ५०० टन होता तो २८ तारखेस ५,००० टनांवर गेला. १५ जून रोजीं महास्फोट झाला. पण त्यापूर्वींच सहस्रावधि लोक हलविले गेले होते. राख पावसानें भिजून जड झाली व छपरें कोसळून शेंकडों माणसें मेलीं हें खरें, तथापि इशारा मिळाला नसता तर काय झालें असतें याची कल्पनाच करावी. येथें लेखाची उणीव जमिनीच्या थरांनीं भरून काढिली.

कोलंबियांतील नेवादो देल रुईस येथें उलट झालें. तेथें लेख होते. १५९५ सालीं हा हिमाच्छादित पर्वत फुटला, बर्फ वितळलें आणि नद्यांच्या पात्रांतून चिखलाचे लोंढे आले. तें वृत्त फ्राय पेद्रो सिमोन या पाद्र्यानें आपल्या बखरवजा ग्रंथांत लिहून ठेविलें होतें. १८४५ सालीं पुनः लोंढा येऊन सुमारें हजार माणसें गाडलीं गेलीं. पुढें त्याच गाळाच्या सपाट व सुपीक जमिनीवर आर्मेरो हें शहर वसलें. १९८५ च्या ऑक्टोबरांत शास्त्रज्ञांनीं धोक्याचा नकाशा सादर केला, त्यांत आर्मेरो स्पष्ट दाखविलें होतें. १३ नोव्हेंबरच्या रात्रीं नऊच्या सुमारास स्फोट झाला, आणि लोंढा साडेअकराच्या सुमारास शहरांत शिरला. दोन तासांहून अधिक अवधि हातीं होता. आसपासच्या प्रदेशासुद्धां सुमारें तेवीस हजार माणसें त्या रात्रीं मेलीं. पाद्र्याचा लेख, खालचा गाळ, यंत्रांचे आंकडे आणि नकाशा हीं चारही साधनें एकच गोष्ट सांगत होतीं. तीं वाचणारें व त्यांवर हुकूम सोडणारें कोणी नव्हतें. लेख असणें आणि तो वेळेवर कोणाच्या तरी डोळ्यांखालीं येणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें संग्राहकांस वेगळें सांगण्याची गरज नाहीं.

आपल्या देशांतील जागृत ज्वालामुखी म्हणजे अंदमान समुद्रांतील बॅरन बेट. तें निर्मनुष्य असल्यामुळें त्याचा जुना इतिहास केवळ जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांवरील लेखांतून सिद्ध होतो. १७८७ पासूनच्या नोंदी मिळतात. १७८९ सालीं मुंबईच्या आरमारांतील लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर यानें तें पाहिलें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर तें निवाल्यासारखें झालें होतें, व १९९१ सालीं पुनः पेटलें. मध्यंतरींच्या स्वस्थतेवरून त्यास मृत ठरविणारा फसला असता. खलाशांच्या चार ओळींमुळें तो तसा फसला नाहीं.

आतां किल्लारीकडे वळूं. तेथें शिलारस नाहीं, हें सांगण्यासाठीं शास्त्रज्ञांस ज्वालामुखीच्याच अभ्यासांतील साधनें वापरावीं लागलीं. जमिनीला पडलेल्या भेगांजवळ मातींतील हेलियम वायु मोजला गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र पाडून खालील खडकांचे नमुने वर काढले. ३३८ मीटर कातळाखालीं आठ मीटर गाळाचा थर लागला, आणि त्याखालीं अब्जावधि वर्षांपूर्वींचा मूळ खडक. भूकंपाचें मूळ त्या पुरातन खडकांत, दहा किलोमीटरांच्या आंतबाहेर होतें. भारतभूमि अजून उत्तरेस रेटली जात आहे. त्या रेट्यानें जुन्या चिरा दबतात व क्वचित् सरकतात. वरचा काळा कातळ म्हणजे त्यावर घातलेलें पांघरूण. त्याचा या सरकण्याशीं संबंध एवढाच कीं, खालच्या चिरा तो झांकून ठेवितो व त्यामुळें त्या दिसत नाहींत.

या भूकंपाची प्रत ६·२ च्या आसपास होती. त्याहून मोठे भूकंप जगांत वरचेवर होतात. परंतु येथें अनघड दगडांच्या, चिखलांत रचलेल्या हात-दीडहात रुंद भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद. गणेशविसर्जन उरकून लोक गाढ झोंपलेले. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसें गेलीं; निरनिराळ्या गणनांत हा आंकडा निरनिराळा दिला आहे. बांधकामासाठीं केलेल्या भूकंपाच्या नकाशांत हा भाग त्या वेळीं सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. तो पट्टाच २००२ च्या सुधारलेल्या नकाशांतून काढून टाकण्यांत आला. मूळ चूक नकाशा करणारांच्या बुद्धीची नव्हे. त्यांच्यापुढें या भागांतील जुन्या भूकंपांच्या नोंदीच नव्हत्या. १९९२ सालींच किल्लारीच्या आसपास हादरे बसून लोक भयभीत झाले होते. त्या हादऱ्यांस जोडून पाहण्यासाठीं मागचें कांहीं हातीं असतें, तर त्यांचा अर्थ निराळा लागला असता कीं नाहीं, हें आतां कोण सांगणार? पुढें २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहरांत लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, २०२४ सालीं हिंगोलीच्या बाजूस ४·५ प्रतीचे धक्के बसले. या वेळीं यंत्रें होतीं. त्यापूर्वींचीं शतकें कोरीं आहेत.

तीं खरोखरच कोरीं आहेत कीं आम्हीं वाचलीं नाहींत, हा आमचा प्रश्न आहे. तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथें भूशास्त्रज्ञांनीं जुन्या वस्तीच्या थरांत पूर्वींच्या भूकंपाच्या खुणा शोधण्याचा यत्न केला आहे. जमीन आपल्या परीनें बोलली. कागदाला मात्र अजून कोणी नीटसें विचारलेलें नाहीं. हिंदुस्थानांतील भूकंपांची पहिली मोठी यादी टॉमस ओल्डहॅम यानें केली व ती त्याच्या मुलानें १८८३ सालीं छापली. तिच्यांत आमच्या बाजूचें फारसें कांहीं नाहीं, कारण ती मुख्यतः इंग्रजी कागदांवरून झालेली आहे, आणि हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. येथल्या नोंदी मोडींत, फारशींत व कानडींत असणार.

यादींत नोंद आली म्हणजे ती खरी, असेंही नव्हे. १७३७ सालीं कलकत्त्यास भूकंपानें तीन लक्ष माणसें मेलीं असें दीडशें-दोनशें वर्षें ग्रंथोग्रंथीं छापलें जात होतें. मूळ कागद तपासतां तें समुद्रावरचें वादळ ठरलें, आणि मृतांची संख्या हजारांत आली. मुंबईकडील १६१८ सालच्या तथाकथित भूकंपाविषयींही हाच संशय घेतला गेला आहे. बखरकाराला धरणी कांपल्याचें वर्णन प्रिय असतें. सेना चालली तरी त्याची धरणी कांपते. म्हणून आम्हांस बखरीपेक्षां पंचांगाच्या समासांतील अर्ध्या ओळीची टीप अधिक मोलाची वाटते. ती लिहिणाऱ्या जोशास कोणावर छाप पाडावयाची नव्हती.

अशी टीप सांपडली तर तिची मिति उलगडतांना किती जपावें लागतें याचें उदाहरण म्हणून किल्लारीचाच भूकंप घेऊं. एखाद्या जोशानें तो जुन्या रीतीनें नोंदविला असता तर असें लिहिलें असतें : शके १९१५ श्रीमुखनाम संवत्सरीं निज भाद्रपद शुद्ध १४ बुधवारीं रात्रौ पांच-सहा घटका रात्र शेष असतां. इंग्रजी तारीख ३०, वार गुरुवार. आमचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असल्यामुळें पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांची घटना बुधवारच्या पदरांत पडते. इंग्रजी वार मध्यरात्रीं बदलतो. म्हणजे एकाच घटनेच्या दोन नोंदींत एका दिवसाचें अंतर दिसेल, आणि उतावळा संशोधक दोन भूकंप झाले असें म्हणेल. दुसरें असें कीं, त्या वर्षीं भाद्रपद अधिक होता. नक्कल करणाऱ्यानें ‘निज’ हा शब्द गाळला, व मिति अधिक मासांतील धरली गेली, तर भूकंप ऑगस्टच्या अखेरीस जाऊन बसेल. फसली व सुरसन सालांचा घोळ याहून मोठा. मराठी दप्तरांत हीं सालें मृगापासून सुरू होतात. निजामाच्या राज्यांत फसली सालाचा आरंभ पुढें ऑक्टोबरच्या सुमारास धरूं लागले. जून ते ऑक्टोबर या महिन्यांतील नोंद असेल तर ती कोणत्या दप्तरांतील आहे हें पाहिल्यावांचून इसवी सन ठरवूंच नये.

शास्त्रज्ञांस अशा नोंदींतून काय पाहिजे असतें? धक्क्याची प्रत त्यांत लिहिलेली नसते, पण परिणाम लिहिलेले असतात. टांगलेले दिवे हालले, फडताळांतील भांडीं पडलीं, वाड्याची भिंत फाटली, बुरूज ढासळला, विहिरीचें पाणी गढूळ झालें किंवा एकाएकीं वर आलें. या प्रत्येकास भूकंपाच्या बारा पायऱ्यांच्या तीव्रतामानांत जागा आहे. पांच-सात गांवांतील अशा नोंदी नकाशावर मांडल्या म्हणजे धक्क्याचें केंद्र व त्याचें बळ यांचा बराच खरा अंदाज येतो. जपानांतील दप्तरांत १७०० सालच्या जानेवारींत कारणावांचून आलेल्या समुद्राच्या लाटांच्या नोंदी होत्या. त्यांवरून पॅसिफिक महासागराच्या पलीकडे, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर झालेल्या प्रचंड भूकंपाचा दिवस व प्रहर ठरविण्यांत आला. त्या नोंदी करणारांस त्या भूकंपाची वार्ताही नव्हती.

म्हणून ‘कांहीं जाणवलें नाहीं’ ही नोंदही टाकाऊ नव्हे. उदगीर, औसा, कंधार येथील किल्ल्यांच्या डागडुजीचे हिशेब, देवस्थानांच्या जीर्णोद्धाराचे खर्च, कुळकर्ण्यांच्या बाडांतील साऱ्याच्या सुटीचे कागद, हीं सारीं तपासण्यासारखीं आहेत. एकाच सालीं दूरदूरच्या तीन-चार ठिकाणीं भिंतींच्या दुरुस्तीचा खर्च पडलेला दिसला तर थांबून विचार करावा. मात्र त्या वर्षींची अतिवृष्टि आधीं पाहून घ्यावी, कारण मातींतल्या भिंती पावसानेंही पडतात, आणि तशा भूकंपापेक्षां किती तरी अधिक वेळां पडतात.

येथें आमचा स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. जुन्या बाडांच्या नकला करितांना आम्हीं कित्येक वर्षें मूळ मजकूर तेवढा उतरून घेत होतों व समासांतील, पुठ्ठ्याच्या आंतील आणि कोऱ्या पानांवरील खरडी सोडून देत होतों. त्यांत उसनवारीचे आंकडे, औषधांच्या पुड्या, मुलांचीं जन्मटिपणें असत. इतिहासास त्यांचा काय उपयोग, असें वाटे. त्यांतील कांहीं बाडें आतां पुनः पाहावयास मिळत नाहींत. ज्यांत आम्हांस हवी असलेली ओळ असेल तर ती तेथेंच असणार होती.

रेणापूर, अंबाजोगाई, औसा, निलंगा व उदगीर या टापूंतील ज्या गृहस्थांपाशीं जुनीं हस्तलिखित पंचांगें अथवा जोशी-कुळकर्ण्यांचीं बाडें असतील त्यांनीं समासासह प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावें, बांधणी करितांना कडा कातरूं नयेत, आणि धरणीकंप, भूमिकंप, हादरा, गडगड, कानडी कागदांत भूकंप, फारशींत जलजला यांपैकीं कोणताही शब्द दिसल्यास ती ओळ, तिच्या मागच्या-पुढच्या दोन ओळी, बाडाचें गांव आणि लिहिणाऱ्याचें घराणें इतकें टिपून मंडळाकडे पाठवावें. मिति मुळांत असेल तशीच उतरावी. इंग्रजी तारीख आपण होऊन घालूं नये.